शेपटी वर केलेला हत्ती

मापुलेंगने फ्रिजचं दार उघडलं, आत हात घातला, तळवा गार होईपर्यंत तसाच ठेवला आणि मग वहीत लिहिलं, ‘फ्रिज. चालू.’

“चालू आहे की नाही हे बघायला हात कशाला घालायला हवा?” शेगडीपाशी उभी असलेली तेंगेतिले म्हणाली. “घुरघुर ऐकू येत नाही? अगदी माझ्या नवऱ्यासारखा घोरतो.”

“आणि नवरा कुठाय?”

“खाणीत, सरहद्दीपलीकडे. वर्षातून एकदा येतो घोरायला. म्हणून तर हा ठेवलाय, खोली सुनी वाटू नये म्हणून.”

मापुलेंग हसली, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. एकोणीस वर्षं जीनच्या पँटींना खिसे शिवल्यावर माणसाला एक खोड लागते, हाताने चाचपून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. काल संध्याकाळी ती मात्साफात उतरली, तीन व्हॅन बदलून आणि दोन सरहद्दी पार करून. आणि आज सकाळपासून तिने या खोलीतली एकेक वस्तू चाचपली होती. पलंग, लाकडी, दोन गाद्या. गॅसची शेगडी, दोन तोंडांची. पडदा, फुलांचा, नवा. चिनी मातीच्या प्लेटा सहा, एकीचाही टवका उडालेला नाही. खोली तिने पावलांनी मोजली होती, पाच पावलं लांब, चार रुंद. पलंग एवढा मोठा की दार अर्धंच उघडायचं आणि आत यायचं तर अंग चोरून आडवं व्हावं लागायचं. त्या दाराकडे मात्र तिने दोनदा पाहिलं आणि त्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

ती इथे पाहुणी होती आणि कामावरही होती. कंपनी एकच, कारखाने दोन. एक तिच्या मासेरूत, लेसोथोमध्ये, डोंगरातल्या थंडीत, आणि दुसरा इथे एस्वातिनीत. पँटी त्याच, मालक तेच. मासेरूच्या बायांनी तोंड उघडलं की सुपरवायझरचं एक ठरलेलं उत्तर असे, “मात्साफाच्या बाया बघा, गप काम करतात. तुम्हाला नको असेल तर माल तिकडे जाईल.” दोन वर्षं हे ऐकून कान किटले, तेव्हा दोन्हीकडच्या युनियननी ठरवलं की इकडची एक बाई तिकडे आणि तिकडची इकडे पाठवायची. हॉटेलात नाही, कामगार बाईच्या खोलीत. तिथे राहायचं, तिचं खायचं, आणि ती कशी जगते ते डोळ्यांनी पाहून यायचं. गेल्या ऑगस्टात तेंगेतिले मासेरूला आली होती आणि तीन दिवस मापुलेंगच्या खोलीत राहिली होती. आता मापुलेंगची पाळी होती.

रविवारी मासेरूत प्रार्थना आटोपली की कारखान्यामागच्या मैदानात चारशे बाया जमणार होत्या. तिथे ही वही वाचली जायची होती. मात्साफाच्या बायांना जे मिळतं तेच आम्हाला द्या, असं पत्र सोमवारी साहेबाच्या टेबलावर जाणार होतं. नाही म्हणाला तर यंत्रं बंद. म्हणून मापुलेंग एकेक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघत होती. चारशे घरांच्या चुली तिच्या पेन्सिलीवर अवलंबून होत्या.

“ते घोंगडं तरी काढ आता,” तेंगेतिले म्हणाली. “फेब्रुवारी आहे, भर उन्हाळा. तुला बघून मलाच घाम येतोय.”

“घोंगड्याशिवाय मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं.”

“काल लामाम्बा विचारत होती, तुझी पाहुणी आजारी आहे का म्हणून. मी म्हटलं नाही गं, मासेरूची आहे. म्हणाली, मग तेच.”

मापुलेंगने घोंगड्याची पिन सैल केली, एवढंच. ही लामाम्बा कोण ते तिला ठाऊक नव्हतं. पण सकाळपासून हे नाव चार वेळा ऐकलं होतं. अंगणात नळावर कुणीतरी मोठ्याने बोलायचं, ती लामाम्बा असायची. मघाशी पलीकडच्या खोलीतून कुणीतरी खोकत खोकत हसलं, तीही लामाम्बाच.

“तू आज माझ्यासाठी रजा टाकलीस?” मापुलेंगने विचारलं. “शुक्रवारची रजा देतात तुम्हाला?”

“देतात,” तेंगेतिले भांड्यात चमचा फिरवत म्हणाली. मागे वळली नाही.

मापुलेंगने वहीत लिहिलं, ‘रजा मिळते.’ आणि त्याखाली रेघ मारली, कारण मासेरूत नवऱ्याच्या मयतीला तिला दीड दिवस मिळाला होता.

“फेत्सिले कुठाय गं? मला वाटलं होतं तुझी पोरगी भेटेल. ऑगस्टात तीन दिवस तुझ्या तोंडात तिच्याशिवाय दुसरं नाव नव्हतं.”

“आजीकडे. गावच्या शाळेत घातली. तिकडची शाळा बरी आहे.”

“मग हे तूच घे तिच्यासाठी.” मापुलेंग पलंगाखाली वाकली आणि पिशवी ओढली. काल रात्री पलंगावर ती एकटी झोपली होती आणि तेंगेतिले खाली चटईवर. तेंगेतिलेने पाहुणीला खाली झोपूच दिलं नव्हतं. “रिकाम्या हाताने काय यायचं? आमच्याकडचीच आहे. एक टाका निसटला म्हणून बाजूला पडली होती. मी तो घातला आणि सुपरवायझरकडून मागून घेतली. मापाचा अंदाजच केलाय.”

लहान मुलीची पँट होती, निळी, गुडघ्याला दुहेरी कापड लावलेली. तेंगेतिलेने हात पुसले, पँट घेतली, उजेडात धरली. चांगली आहे म्हणाली. कापडाचा पोत बोटांत चोळून बघितला, शिवणाऱ्या बाया बघतात तसा. मग सहज उलटी केली.

मागच्या खिशावर एक हत्ती होता. करड्या कापडाचा कापून लावलेला, बोटभर. डोळ्याच्या जागी काळा टाका, आणि मागे सुती दोरीची छोटी शेपटी, वर उभी राहिलेली.

तेंगेतिलेने अंगठा शेपटीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. शेगडीवरचं भांडं खदखदायला लागलं तरी तिचं लक्ष गेलं नाही, तेव्हा मापुलेंगनेच उठून आच कमी केली.

“आवडेल ना तिला?” मापुलेंग म्हणाली. “आमच्याकडे सगळ्या जणी याला माजलेला हत्ती म्हणतात. आम्ही खूप हसलो होतो. शेपटी अशी कशी वर?”

“का वर आहे?”

“काय माहीत. नमुना आला त्यात तशीच होती. सुपरवायझर म्हणाला, नमुन्यासारखं शिवा, सूतभर इकडेतिकडे नको. मग शिवलं तसंच.”

“नमुना कधी आला?”

“नोव्हेंबरात. अखेरीला. ख्रिसमसच्या आधी अचानक मोठा माल आला ना, तो हाच. रोज दोन तास जास्तीचे मिळाले. माझ्या खोलीचं छप्पर त्यातच दुरुस्त झालं.” मापुलेंग हौसेने सांगत होती. “या हत्तीच्या जिवावर अख्ख्या लाइनने केक कापला, खोटं नाही सांगत.”

तेंगेतिले पलंगाच्या कडेला बसली. पँट मांडीवर ठेवली आणि खिशाच्या खालच्या शिवणीवर बोट टेकवलं.

“आमच्याकडे आलेल्या चित्रात शेपटी खाली होती,” ती म्हणाली. “खाली घेतली की दोरी या शिवणीत यायची. दोरीवर सुई गेली की सुई तुटायची. दिवसाला सात-सात सुया. मी म्हटलं, वर वळवा ना, कुणाचं काय बिघडतं? एक करून दाखवली. साहेबाने फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. पसंत पडली.” तिने अंगठा पुन्हा शेपटीवर ठेवला. “तुमच्याकडे आलेला नमुना मी शिवलेला आहे, सिसी,” ती बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली.

मापुलेंगला आधी आनंदच झाला. शेकडो मैलांवरची ओळखीची बाई आणि तिच्या हातचा टाका आपण तीन महिने गिरवत होतो, या गोष्टीचं तिला अप्रूप वाटलं. “म्हणजे हाच माल तुमच्याकडेही चालू आहे?” तिने विचारलं.

तेंगेतिले काही बोलायच्या आत दार ढकललं गेलं. ते अर्धंच उघडलं आणि त्या फटीतून आधी झाकलेलं पातेलं आत आलं, मग पातेलं धरलेले दोन जाड हात, आणि मग कुरकुरत, आडवी होऊन, पन्नाशीची एक बाई.

“मटण थोडंच आहे, पण पाहुणीच्या ताटात वाढ,” ती म्हणाली आणि मापुलेंगकडे वळून कमरेवर हात ठेवला. “हीच का ती? मासेरूची फ्रिजवाली?”

“लामाम्बा,” तेंगेतिले म्हणाली, “ती अजून जेवायची आहे.”

“जेवू दे की. मी काय तिच्या तोंडावर हात ठेवलाय?” लामाम्बाने पातेलं ठेवलं आणि मापुलेंगचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. हाताला मायाही होती आणि जोरही. “बाई, तुझ्या त्या फ्रिजला मी कधी पाहिलं नाही, पण माझ्या चुलतबहिणीपेक्षा जास्त ओळखते. पांढरा. वरती अंड्यांची जाळी. खरं ना? गेटवर अकरा दिवस त्याच्या नावाने ओरडून माझा घसा बसला, तो अजून…”

तिचं लक्ष तेंगेतिलेच्या मांडीवर गेलं.

“हा हत्ती इथे कसा आला?”

“हिने आणला. फेत्सिलेसाठी.”

“कुठून?”

“मासेरूहून.”

लामाम्बाने मापुलेंगचा हात सोडला. सावकाश सोडला, गरम भांडं खाली ठेवावं तसा.

“असं,” ती म्हणाली. “म्हणजे तिकडे गेला होय.”

“काय तिकडे गेलं?” मापुलेंगने विचारलं. “कुणीतरी नीट सांगा मला.”

तेव्हा लामाम्बा भिंतीला टेकली आणि तिनेच सांगितलं. सांगताना रडली नाही, उलट मधूनमधून हसतही होती, आणि ते ऐकवत नव्हतं.

“ही तुझ्याकडून आली ऑगस्टात. आल्या दिवशी आम्ही सगळ्या अंगणात बसलो. ही सांगतेय आणि आम्ही ऐकतोय. मासेरूच्या बाईकडे फ्रिज. दोन गाद्यांचा पलंग. गॅस. दारात नळ. पहिल्या दिवशी कोंबडी, दुसऱ्या दिवशी कोंबडी. मी म्हटलं, तेंगे, तू कुणा मॅनेजरणीकडे तर नाही राहिलीस? ही म्हणाली, नाही माके, खिसे शिवते, माझ्यासारखीच. आईच्या नावाने शपथ घेतली हिने. मग आम्ही लिहून दिलं साहेबाला. मासेरूच्या बायांना जे देता तेच आम्हाला द्या. फार नाही मागितलं.”

“साहेब काय म्हणाला?”

“म्हणाला, तिकडे तसलं काही नाही. त्या तुमच्यासारख्याच राहतात. आम्ही त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं. मीच म्हटलं.” लामाम्बाने छातीवर थाप मारली. “मग यंत्रं बंद केली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी गेटवर कागद लागला. चार नंबरची लाइन आणि पाच नंबरची लाइन, कायमची बंद. साठ जणी. त्यात मी. त्यात ही.”

मापुलेंगने तेंगेतिलेकडे पाहिलं. “तू तर म्हणालीस, रजा…”

“रजाच आहे,” लामाम्बा म्हणाली. “साहेबाने दिलेली.”

“आणि हत्ती?”

“हत्ती त्याच रात्री ट्रकमध्ये चढला. कापलेलं कापड, दोरीची रिळं, सगळं. कुठे नेताय म्हणून विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, जिथल्या बाया तक्रार करत नाहीत तिथे.”

मापुलेंग उभी होती ती फ्रिजला टेकली. फ्रिजची घुरघुर तिच्या पाठीतून हाडांत गेली आणि तिला दुसऱ्या एका फ्रिजची आठवण झाली, म्हणजे आठवण काय, तो तिच्यासमोरच उभा राहिला. पांढरा, वरती अंड्यांची जाळी. मासेरूतली ऑगस्टातली ती सकाळ, जमिनीवर पडलेलं हिव, आणि चार बाया तो उचलून अंगण ओलांडतायत. पुढे माटेबोहो, जिचा फ्रिज होता ती, सारखी ओरडतेय, हळू, अगं हळू. पलंग घरमालकिणीचा. तो आत घुसेना म्हणून दार बिजागरीतून काढलं होतं, आणि पुन्हा बसवल्यावर ते अर्धंच उघडायला लागलं. खोल्यांच्या ओळीतल्या एकीनेही तिला विचारलं नव्हतं, मापुलेंग, हे कशाला? सगळ्यांना ठाऊक होतं. परक्या देशाची बाई येतेय. लेसोथोच्या बाईकडे बसायला जागा नव्हती असं तिने जाऊन सांगायचं?

ती फ्रिजपासून बाजूला झाली.

“तो फ्रिज माझा नव्हता,” ती म्हणाली.

भांड्यातली वाफ झाकणाखालून फुसफुसत होती.

“काय म्हणालीस?” तेंगेतिले म्हणाली.

“माटेबोहोचा होता. समोरच्या खोलीतली. तू येणार म्हणून तीन दिवस आणला होता.”

“आणि पलंग?”

“घरमालकिणीचा.”

“गाद्या?”

“एक तिची. एक चर्चमधल्या बाईची.”

“शेगडी.”

“शेगडीपण नाही.”

“कोंबडी?” तेंगेतिलेने विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता की एखादं मूल विचारतंय असं वाटावं.

“कोंबडी माझी होती,” मापुलेंग म्हणाली. “दोन्ही. दोनच होत्या.”

तेंगेतिले उठली. पँट मांडीवरून खाली पडली. ती मापुलेंगच्या इतकी जवळ आली की मापुलेंगला वाटलं आता ही हात उचलणार, आणि उचलला तर मी चेहरा वळवणार नाही, असंही तिने मनात ठरवून टाकलं.

“मी त्या पलंगावर झोपले होते,” तेंगेतिले म्हणाली. “या अंगाने झोपले होते. म्हणून शपथ घेतली. साठ जणी आहेत, सिसी. साठ. रोज सकाळी नळावर माझ्या शेजारी उभ्या राहतात आणि एकीनेही मला अजून बोल लावलेला नाही. म्हणतात, तू जे पाहिलंस ते सांगितलंस. पोरीला मी चांगल्या शाळेसाठी पाठवलं नाही आजीकडे. इथे खायला नव्हतं म्हणून पाठवलं. आणि तू म्हणतेस माटेबोहो?”

“ऑगस्टात,” भिंतीपाशी लामाम्बा स्वतःशीच पुटपुटली. “अगं, ऑगस्टात तुमच्याकडे भर हिवाळा, बर्फ पडतो. फ्रिज लागतो कशाला? एवढंही आम्हाला सुचू नये?” ती घसरत घसरत खाली बसली. “तो साहेब जन्मात एकदा खरं बोलला असेल, आणि आम्ही त्याला…”

मापुलेंगला माफी मागायची होती. पण झुलूत, ज्या भाषेत त्या तिघी बोलत होत्या, त्यात तिला येणारे माफीचे शब्द कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणायचे होते. ते इथे काढायची तिला लाज वाटली. ती दाराकडे बघत राहिली. त्या अर्ध्या उघड्या दाराकडे. आणि सकाळपासून जे वहीत लिहायचं तिने टाळलं होतं ते आता तिच्या तोंडून आलं.

“हा पलंग कुणाचा आहे?”

तेंगेतिलेच्या चेहऱ्यावरचा राग होता तिथेच थांबला.

“माझा,” लामाम्बा जमिनीवरून म्हणाली.

“काल रात्री तुम्ही कुठे झोपलात, माके?” मापुलेंगनेही तिला आईच्या नात्याने हाक मारली.

“खाली. एका रात्रीने काय होतं? तू एवढी मासेरूहून येणार. तुमच्याकडे फ्रिज, गॅस, नि आमच्याकडे येऊन तुला गोणपाटावर… आपली काही अब्रू…” लामाम्बाने पुढचा शब्द गिळला. तिने स्वतःचंच बोलणं ऐकलं होतं.

मापुलेंगने वही उघडून दोघींपुढे धरली. अक्षर मोठं होतं आणि ओळी सरळ होत्या. फ्रिज, चालू. पलंग, दोन गाद्या. शेगडी. पडदा. प्लेटा सहा. रजा मिळते, खाली रेघ.

“हे रविवारी वाचायचं आहे,” ती म्हणाली. “सोमवारी आम्ही साहेबाला पत्र देणार. मात्साफाच्या बायांना जे देता तेच आम्हाला द्या.”

लामाम्बाने वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग वर पाहिलं.

“आणि मग हत्ती कुठल्या देशात जाईल?” तिने विचारलं.

बाहेर नळावर बादली भरत होती आणि भरून वाहायला लागली, तरी कुणी बंद करेना.

तेंगेतिलेने वाकून फ्रिजची वायर ओढली. घुरघुर थांबली. ती आडवी होऊन दारातून बाहेर गेली आणि अंगणात उभी राहून मोठ्याने हाका मारायला लागली. “लासिमेलाने! तुझा फ्रिज घेऊन जा! लान्दवान्द्वे, पडदा! प्लेटा कुणाच्या आहेत, या गं, घेऊन जा!”

“आत्ता?” कुणीतरी विचारलं. “पाहुणी गेली की काय?”

“पाहुणी आहे म्हणूनच.”

बाया आल्या. आधी दारात घुटमळल्या, आत कुणी मेलंय की काय अशा नजरेने बघायला लागल्या. मग लामाम्बाच उठली, पलंगाच्या एका कोपऱ्याला हात घातला आणि म्हणाली, “बघत काय बसलात? उचला.” मापुलेंगने दुसरा कोपरा धरला. तिला कुणी धर म्हटलं नव्हतं आणि कुणी सोड असंही म्हटलं नाही. पलंग आडवा-उभा करत, चौकटीला घासत बाहेर गेला. त्यामागे गाद्या गेल्या, शेगडी गेली, शिजलेलं भांडं उतरवून जमिनीवर ठेवून. पडदा काढला तेव्हा खिळ्यावर एक जुनी साडेतीन इंचांची चिंधी तेवढी राहिली. फ्रिजची मालकीण, लासिमेलाने, तो ढकलत नेताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आता अंगणातच सगळं सांगावं लागणार हे मापुलेंगला दिसत होतं. साठ जणींना, याच अंगणात, तिच्याच तोंडाने. आणि ते झाल्यावर रविवारी पुन्हा, चारशे जणींना.

गादी डोक्यावर घेतलेली लामाम्बा उंबऱ्याशी थांबली.

“एवढं सांग मला,” ती म्हणाली. “नळ तरी दारात आहे ना तुमच्या?”

“नळ आहे,” मापुलेंग म्हणाली. “पाणी मंगळवारी येतं.”

लामाम्बा हसेल असं वाटलं, पण ती हसली नाही. मान हलवून निघून गेली.

खोली मोठी दिसायला लागली. पलंग गेला तसं दार भिंतीपर्यंत उघडलं आणि दुपारचं ऊन आत पार कोपऱ्यापर्यंत आलं. कोपऱ्यात एक टिनचा डबा होता, दोरीवर चार कपडे आणि गुंडाळी करून ठेवलेली गवताची चटई. तेंगेतिलेने ती उलगडून पसरली. कडा लाल दोऱ्याने बांधलेल्या होत्या, हाताने, एकसारख्या टाक्यांनी.

“आईने विणली माझ्या लग्नात,” ती म्हणाली. सांगायचं म्हणून सांगितलं, मापुलेंगकडे न बघता.

मापुलेंग घोंगडं सावरून चटईच्या कडेला बसली. तिने वहीचं पान उलटलं, त्या यादीवर रेघ मारायला पेन्सिल उचलली आणि मग तसं न करता नव्या पानावर वर लिहिलं, ‘मासेरू. माझी खोली.’ त्याखाली काय लिहायचं ते तिला तोंडपाठ होतं. एक गादी. एक घोंगडं. रॉकेलची बत्ती. दोन कोंबड्या होत्या, आता नाहीत. ओळी वाकड्या जात होत्या, आणि एकोणीस वर्षांत तिची एकही शिवण वाकडी गेली नव्हती.

तेंगेतिले वाचत नव्हती. तिने जमिनीवरची छोटी पँट उचलली, झटकली, दोन घड्या घातल्या आणि हत्ती वर येईल अशी टिनच्या डब्यावर ठेवली. परत दिली नाही, आवडली असंही म्हणाली नाही. लामाम्बाच्या मटणाचं पातेलं तिने उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिला घेऊन जाता यावं म्हणून. मग डब्यामागून एक लाकडी वाडगा काढला, भांड्यातला मक्याचा घट्ट शिजवलेला गोळा त्यात घातला आणि वर मडक्यातलं आंबट दूध ओतलं, थोडंसं, कारण थोडंसंच होतं.

वाडगा तिने मापुलेंगपुढे सरकवला. मापुलेंगने हात पुढे केला नाही.

“जेव,” तेंगेतिले म्हणाली. “हे माझं आहे.”